मोजा, बिल्ली, सव्वा

भुताच्या गोष्टी रात्री बारा वाजता सुरू होतात. ही सकाळी नऊ वाजता सुरू होते, पोहे खाऊन झाल्यावर. म्हणून कोणी विश्वास ठेवत नाही.

नका ठेवू.

पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या घरी घडलं. जबलपूरला, महाराजपूरच्या कॉलनीत. गेल्या वर्षी मार्चचा पहिला मंगळवार होता. आणि शेवटचा भाग तर माझ्या डोळ्यांदेखत झाला. मी बँकेत नोकरी करतो, रचून सांगायचं डोकं मला नाही.

जगन्नाथमामा डिफेन्स फॅक्टरीत चार्जमन होते. चौतीस वर्षं इन्स्पेक्शनला. आलेला माल मोजायचा, खोट काढायची, परत पाठवायचा. घरीही तेच. पोळ्या मोजून खायचे आणि एखादी वाकडी निघाली तर बाजूला ठेवायचे. विभावरीमामी ती वाकडी पोळी त्यांच्याच ताटात परत टाकायची.

मामी उंचीनं चार फूट दहा, आवाजानं सात फूट. केस शेवटच्या आठवड्यापर्यंत काळेभोर, कारण दवाखान्यातही तिनं अश्लेषाकडून काळी मेंदी लावून घेतली होती. अश्लेषा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्याला असते. मामीचे दोन्ही गुडघे बदललेले होते. जमिनीवर बसणं बंद. सत्यनारायणालाही खुर्ची.

हे गुडघ्याचं लक्षात ठेवा.

जबलपूरहून कान्हा तीन-चार तासांवर. लोक जगभरातून तिथं वाघ बघायला येतात. मामा-मामी तीनदा गेले. पहिल्यांदा धुकं होतं. दुसऱ्यांदा वाघ दुसऱ्या झोनमध्ये झोपून होता. तिसऱ्यांदा शेपूट दिसली. ती फोटो मोठा करून बघितल्यावर वानराची निघाली.

मामीनं तिथंच, जिप्सीत उभं राहून जाहीर केलं, "हे वाघ आपल्याले ओळखत नाहीत. आता आफ्रिकेतच जाऊ. तिथले सिंह रस्त्यात बसून राहतात म्हणे."

स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून तिनं यादी चिकटवली. मसाई मारा. अंबोसेली. त्सावो. सेरेंगेटी. गोरोंगोरो. हळदीचा डबा काढताना ती रोज एक नाव मोठ्यानं म्हणायची. पासपोर्ट झाले. इंजेक्शनांची चौकशी झाली.

डिसेंबरात मामी गेली. आफ्रिकेत नाही. कायमची.

मग मामा एकटे राहिले.

एकटे म्हणजे कसे, ते सांगतो. महिन्यातून एकदा ते बाहेर जाऊन आपल्याच दाराची बेल वाजवायचे. चालू आहे की बंद पडली, बघायला. वाजली की आत येऊन म्हणायचे, "चालू आहे."

कोणाला म्हणायचे, कोण जाणे.

अश्लेषाला बापाची काळजी वाटली. तिनं एक टॅब पाठवला आणि त्यात घरबसल्या आफ्रिका घालून दिली. मसाई माराच्या शेजारच्या एका खाजगी जंगलात एक गाइड जीप चालवतो, समोर कॅमेरा लावतो आणि तुम्ही घरून बघता. तो तुम्हाला बघतो, तुम्ही त्याला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी. तिकडे सकाळचे साडेसहा, इकडे नऊ. आणि जीप तुमच्या एकट्यासाठी.

एकट्यासाठी… हेही लक्षात ठेवा.

गाइडचं नाव कमाऊ. मामांना नाव फार आवडलं. "चलो," ते मला फोनवर म्हणाले, "आपल्या ओळखीत एक तरी कमाऊ निघाला."

टोमणा मला होता. सोडा.

पहिल्या मंगळवारी मामा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले. टॅब टीपॉयवर, साखरेच्या डब्याला टेकवून. कमाऊ पडद्यावर आला. काळा, हसरा, डोक्यात लोकरीची टोपी.

"गुड मॉर्निंग, बाबू!"

मामांचा चेहरा पडला. "मी बाबू नाही. चार्जमन होतो. बाबू लोक ऑफिसात बसायचे."

कमाऊ हसला. त्याला काही समजलं नाही. दोघंही आपापल्या इंग्रजीत बोलत होते.

मग त्यानं गाडीचा एक नियम सांगितला. निघायच्या आधी पाहुणे मोजायचे, परतल्यावर पुन्हा मोजायचे. जंगलात एकही कमी चालत नाही. पाहुणे पडद्यात असले तरी त्याची सवय सुटत नव्हती.

इन्स्पेक्शनचा माणूस. मामा खूश झाले.

कमाऊनं बोट उचललं. पडद्याकडे रोखलं.

"मोजा."

मामा चमकले. मराठी?

बोट थोडं डावीकडे सरकलं…

"म्बिली."

मग मान हलवून, "सावा!" आणि गाडी सुरू.

आता बघा. आमची घरची भाषा मराठी, दारापासून पुढं सगळी हिंदी. जबलपूरच्या मराठी माणसाचा एक कान घरातला, एक बाजारातला. मामांना स्पष्ट ऐकू आलं ते असं…

मोजा. बिल्ली. सव्वा.

सव्वा बिल्ली मोजा!

एक मांजर समजू शकतो. वरची पाव कुठून आणायची?

मामांनी विचार केला, जंगलात सिंह-बिबटे, म्हणजे मोठी मांजरंच, ती मोजायला सांगून राहिला असेल. त्या दिवशी त्यांनी दोन सिंहिणी, तीन पिल्लं मोजून वहीत लिहिली. पण शुक्रवारी पुन्हा तेच. जंगल सुरूही झालेलं नाही, कमाऊचं बोट पडद्याकडे.

"मोजा… म्बिली."

दुसऱ्या शब्दाला बोट मामांच्या डावीकडे. खाली. फरशीकडे.

मामांनी वळून पाहिलं.

फरशी. कोपऱ्यात दिवाण. बाकी काही नाही.

म्हणजे मांजर घरात शिरली आहे आणि आपल्याला दिसत नाही, त्याला दिसते.

पुढचा आठवडा त्यांनी मांजर शोधण्यात घालवला. दिवाणाखाली सत्तराव्या वर्षी पालथे झोपून बघितलं आणि उठता येईना म्हणून तिथंच तासभर पडून राहिले. माळ्यावर चढले. सिलेंडरमागं झाडू घातला. शेवटी शेजारच्या अंजनीदीदींकडे तक्रार घेऊन गेले.

"दीदी, आपकी बिल्ली हमारे यहाँ आती है।"

"भाईसाब, हमारे यहाँ तो तोता है।"

"तो फिर किसकी है?"

"भाईसाब," अंजनीदीदी हळू आवाजात म्हणाल्या, "आप कुछ दिन बिटिया के पास हो आइए ना।"

मामांनी तिथं, त्या फरशीवर, बशीत दूध ठेवलं. सकाळी उठून बघितलं.

दुधावर जाड साय. कोणी तोंड लावलं नव्हतं.

पण बशी… बशी टीपॉयजवळ नव्हती. सरकून भिंतीशी गेली होती. दूध न सांडता. अगदी बसायला जागा करताना आपण हातानं भांडं बाजूला सारतो ना… तशी.

त्या दिवशी सिंहिणीनं झेब्र्याचं पिल्लू धरलं. मामा श्वास रोखून बघत होते. आणि डाव्या बाजूनं आवाज आला.

"च्च…"

जीभ टाळ्याला लावून. कळवळून.

मामांना वाटलं, कमाऊच असेल. पण आवाज टॅबमधून आला नव्हता. मामांनी पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं. तिथं आपलं स्वतःचं चित्र दिसतं, छोटंसं.

त्यात ते एकटेच होते.

पुढच्या मंगळवारी त्यांनी सरळ विचारलं. "कमाऊ, ही मांजर कोणत्या रंगाची आहे?"

"मांजर? कोणती मांजर, बाबू?"

"तू रोज म्हणतोस ना. मोजा, बिल्ली."

कमाऊ पोट धरून हसला. मग त्यानं बोटं वर केली. एक बोट. "मोजा. म्हणजे एक." दोन बोटं. "म्बिली. म्हणजे दोन. सावा म्हणजे ठीक आहे, चला. मी पाहुणे मोजतो, बाबू."

मामांनी स्वतःचीही दोन बोटं वर करून बघितली.

"पण… दोन कोण?"

कमाऊचं हसणं थांबलं. त्यानं पडद्याजवळ तोंड आणलं. मामांकडे बघितलं. मग खाली, डावीकडे.

"एक तुम्ही," तो म्हणाला. "आणि एक बीबी."

बीबी.

त्या दिवशी पडद्यावर काय दिसलं, हत्ती की जिराफ, त्यांना आठवत नाही. वहीतलं पान कोरं आहे.

मी बघितलं आहे ते पान.

बीबी! बायको! आता आणखी काय सांगायला हवं होतं? मामी आफ्रिका बघायला आली होती. तिकीट नाही, व्हिसा नाही, इंजेक्शन नाही. चार फूट दहाची ती बाई कुठं मावत नव्हती?

माणूस अशा वेळी घाबरतो. घर सोडतो, मांत्रिक बोलावतो.

मामांनी पोहे दोन बशांत काढायला सुरुवात केली.

चहाचे कप दोन. टीपॉयच्या डावीकडे मामीची खुर्ची आणून ठेवली, गुडघे दुखायला नकोत म्हणून. आणि बोलायला लागले. "बघ, हत्ती. तू म्हणत होतीस ना अंबोसेलीचे मोठे असतात, तर हे पण काही लहान नाहीत." दाढी रोज व्हायला लागली. बेल तपासणं बंद झालं. मला फोनवर म्हणाले, "भाच्या, आता बरं चाललं आहे. घरात कोणी असलं की बरं असते."

मला वाटलं, स्वयंपाकाला बाई ठेवली.

खुर्चीचं मात्र एक व्हायचं. मामा रात्री ती टीपॉयजवळ ठेवायचे. सकाळी ती भिंतीशी असायची.

बशीसारखी.

एप्रिलच्या शेवटी अश्लेषानं व्हिडिओ कॉल केला आणि तिला दोन कप दिसले. चार दिवसांत ती जबलपूरला हजर. "बाबा, काहून असं करून राहिले तुम्ही? आईसाठी चहा?"

"थंड झाला की मीच पितो. वाया नाही जात."

तिनं ऐकलं नाही. मे महिन्यात मामांची बॅग भरली. महाराजपूरचं घर बंद. मेन स्विच खाली. टॅब कपाटात, मामीच्या साड्यांखाली. किल्ली माझ्याकडे. गाडीत बसताना मामा मला म्हणाले, "तिला मी सांगितलं आहे, पुण्याला यायचं म्हणून. पत्ता पण सांगितला."

पुण्यात अकरावा मजला. मामा तिथं कोणालाच ओळखत नव्हते, लिफ्टमधल्या आरशातल्या माणसाशिवाय. मंगळवारी सकाळी नऊला ते अश्लेषाच्या लॅपटॉपसमोर बसले. शेजारी रिकामी खुर्ची.

कमाऊ आला. बोट उचललं.

"मोजा."

मामा वाट बघत राहिले.

बोट सरकलंच नाही.

"सावा."

"थांब!" मामा ओरडले. "नीट मोज. पुन्हा मोज."

"एकच आहे, बाबू."

"अरे असं कसं? तिला पत्ता दिला होता मी!"

कमाऊनं डोक्यावरची टोपी मागं सारली. त्याच्यामागं लांबवर रानरेड्यांचा कळप चालला होता, हजारोंचा, एकमेकांना खेटून. मग तो म्हणाला…

"बाबू, मला वाटलं तुम्हीच आहात. आत्ता दहा मिनिटांपूर्वी तुमचा जुना टॅब लागला होता. जबलपूरचा. समोर बीबी होती. मी विचारलं, बाबू कुठे? ती बोलली नाही. मी मोजलं… मोजा. एकटीच बसून होती. वाट बघून गेली."

नऊ वाजून वीस मिनिटांनी मामांचा मला फोन. मी तिथून जवळच, आधारतालला राहतो, पंधरा मिनिटांत पोचलो.

कुलूप जागेवर. मेन स्विच खाली. टॅब कपाटात, साड्यांखाली. बटन दाबलं तर मेलेला. चार्जिंग शून्य.

तेवढंच मी मामांना सांगितलं.

फरशीचं सांगितलं नाही.

मे महिन्यात जबलपूरचं बंद घर कसं होतं, माहीत आहे? रिछाईच्या कारखान्यांकडून वारा येतो. आठवड्याभरात फरशीवर पिठासारखी धूळ बसते. बसलीच होती. सगळ्या हॉलमध्ये, एकसारखी.

फक्त टीपॉयच्या डावीकडे एक गोल जागा स्वच्छ होती. पाटाएवढी. चकचकीत.

आणि तिथं येणारं किंवा तिथून जाणारं… एकही पाऊल नव्हतं.

मी ती जागा तशीच सोडली आणि बाहेर आलो. म्हणजे पळालो.

चौथ्या दिवशी मामा जबलपूरला परत. अश्लेषाशी भांडून, स्टेशनवरून रिक्षा करून, थेट घरी. "ती एकटी आहे तिथं," एवढंच म्हणत होते. त्यांनी स्वतः झाडू मारला, टॅब चार्जिंगला लावला, पोहे केले. दोन बशा.

अश्लेषा फोनवर रडली. "दादा, तू आणि वहिनी जाऊन एकदा बघून या ना. बाबा खरंच ठीक आहेत का?"

म्हणून जूनच्या पहिल्या शुक्रवारी मी रजा टाकली आणि समिधाला, म्हणजे माझ्या बायकोला, घेऊन गेलो. मामांनी आमचेही पोहे केले होते. आम्ही तिघं टीपॉयसमोर दाटीवाटीनं बसलो. डावीकडची जागा त्यांनी मोकळी ठेवायला लावली.

कमाऊ आला. आज गर्दी बघून खूश झाला. बोट उचललं. मामा, मी, समिधा.

"मोजा. म्बिली. टाटू."

बोट सरकलं…

"न्ने. सावा!"

"चार," मामा अभिमानानं म्हणाले. "बघितलं? चार. ही तुमची मामी."

समिधानं माझा हात घट्ट धरला होता. ती शाळेत शिकवते, चूक दिसली की तिला राहवत नाही. घाबरलेली असली तरी.

"मामा," ती म्हणाली, "तो तुम्हाला बाबू म्हणतो ना? मी काल फोनवर शोधलं. त्यांच्या भाषेत बाबू म्हणजे आजोबा."

"अच्छा? मग ठीक आहे."

"आणि बीबी म्हणजे… बायको नाही. बीबी म्हणजे आजी. कोणतीही म्हातारी बाई."



मामांनी चष्मा काढला, पुसला, घातला. चौतीस वर्षं इन्स्पेक्शन केलेला माणूस. तपासल्याशिवाय तो माल घेणार नव्हता.

"कमाऊ," ते म्हणाले. "बीबी कशी दिसते, सांग."

"कशी म्हणजे?" कमाऊला नवल वाटलं. "तुमच्या शेजारीच आहे की."

"तरी सांग. माझे डोळे अधू झालेत."

कमाऊनं निरखून बघितलं. सांगितलं, अगदी सहज. जसा तो हरणाचं वर्णन करायचा.

उंच बाई आहे. खूप उंच, बसूनही बाबूच्या खांद्याला लागते. केस पांढरे, मोकळे. जमिनीवर बसते, गुडघे छातीशी घेऊन. खुर्ची दिली तरी बसत नाही. जनावरांकडे कधी बघत नाही.

"मग कुठं बघते?"

"तुमच्याकडे, बाबू."

आणि मामी?

चार फूट दहा. काळेभोर केस. बदललेले गुडघे.

मी मनात मामांची बॅग भरायला घेतली होती. आता हे उठतील, घर सोडतील, आज दुपारच्या गाडीनं यांना पुण्याला बसवून देऊ…

मामा उठले खरे. दिवाणापाशी गेले. तिथली उशी घेतली, थोपटून फुगवली. आणि डावीकडे, फरशीवर, नेऊन ठेवली.

"मामा…" मी म्हणालो. "ऐकलं ना तुम्ही? ती मामी नाही."

"ऐकलं."

"मग?"

"मग काय? फरशी गार असते," मामा म्हणाले. "तीन महिने झाले, बिचारी तशीच बसून राहिली."

पुढचा तासभर आम्ही आफ्रिका बघितली. एका कोरड्या झाडाखाली म्हातारा सिंह एकटा पडून होता. कळपानं हाकललेला, कमाऊ म्हणाला. तेवढ्यात डावीकडून मला ऐकू आलं. समिधालाही.

"च्च…"

सिंहासाठी नसावं ते.

दहा वाजता आम्ही उठलो. उठलो म्हणजे, सुटलो. दारात चपला घातल्या. मामा टॅबसमोरच होते. आतून कमाऊचा आवाज आला, "चला बाबू, परत आलो. मोजून घेतो." नियम म्हणजे नियम.

"मोजा," तो म्हणाला.

मामा थांबले. आम्हीही दारात थांबलो.

"सावा. बाय-बाय, बाबू!"

पडदा काळा झाला.

मामांनी आधी उशीकडे बघितलं. मग वळून आमच्याकडे. मी त्यांचा तसा चेहरा मामी गेली त्या दिवशीही बघितला नव्हता.

"पुढं मोजलंच नाही त्यानं," ते म्हणाले. "आली का… तुमच्यासोबत?"

गाडी कशी चालवली, आठवत नाही. समिधानं मागच्या सीटकडे एकदाही बघितलं नाही. मी आरसा आकाशाकडे फिरवून ठेवला होता.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. मामा मंगळवारी, शुक्रवारी अजून बसतात. कमाऊ अजून मोजतो. एकच मोजतो. सव्वादहाच्या सुमारास मला बँकेत फोन येतो, आणि मामा फार नम्रपणे बोलतात. कोणाची वस्तू परत मागावी तसे.

"भाच्या, तुमच्याकडे असेल तर पाठवून दे ना रे. तुम्ही घरात दोघं आहात."

मी म्हणतो, "इथं कोणी नाही, मामा."

खरंच नाही. निदान मला दिसलेलं नाही.

आमच्या घरची फरशी मी पुसतो. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. ऑफिसातले हसतात, बायकोनं कामाला लावलं म्हणतात. हसू देत. मी धूळ बसू देत नाही.

कारण धूळ बसली… आणि मधेच कुठं बसली नाही… तर मला दिसेल.